श्राव्यातीत ध्वनी आणि तुंबलेली पटले : 'प्रवाह वाढला' या पुराव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

पाण्यातील क्षार, जिवाणू व सूक्ष्म गाळ वेगळे करण्यासाठी वापरले जाणारे पटल, म्हणजेच व्यवहारात ज्याला मेम्ब्रेन म्हणतात ते, आता प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिलेले नाही. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असममित पटल तयार केले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावी त्याच जातीच्या पटलावर चालणारा प्रकल्प उभा राहिला. पुढे पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर असलेली संयुक्त पटले आली आणि तंत्र स्वस्त होत गेले. आज समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी करणारे मोठे कारखाने, दूध प्रक्रिया केंद्रे, औषधनिर्मिती आणि आपल्याकडील गावोगावची 'आरओ' यंत्रे ही सर्व एकाच कुळातील आहेत.

या कुळाचा दोषही एकच आहे. पटल तुंबते. गाळाचे कण, सिलिका, कॅल्शियमचे क्षार, कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली सेंद्रिय द्रव्ये आणि सर्वांत चिवट म्हणजे जिवाणूंचा बुळबुळीत थर हे सारे पटलावर साचत जाते. तेवढेच पाणी मिळविण्यासाठी अधिक दाब द्यावा लागतो, विजेचे देयक वाढते आणि अखेर यंत्र थांबवून पटल धुवावे लागते. धुण्याची रूढ रीत रासायनिक आहे. सेंद्रिय मळासाठी तीव्र अल्कली आणि क्षारांच्या थरासाठी सायट्रिक आम्लासारखे आम्ल आलटून पालटून फिरविले जाते. प्रत्येक धुण्यागणिक पटलाचे आयुष्य काही अंशाने घटते, धुतलेले रासायनिक पाणी कोठे सोडावयाचे हा प्रश्न उरतो आणि काही वर्षांनी पटल कचऱ्यात जाते.

या पार्श्वभूमीवर श्राव्यातीत ध्वनीने, म्हणजे अल्ट्रासाउंडने, पटल स्वच्छ करण्याची कल्पना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. रसायन नको, यंत्र उघडावयास नको, केवळ ध्वनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जपान, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथून या विषयावर सातत्याने निबंध प्रसिद्ध झाले. आपल्या महाविद्यालयांतही पदव्युत्तर प्रकल्पासाठी हा विषय सहज सुचतो, कारण श्राव्यातीत ध्वनीचे धुलाई-पात्र बहुतेक रसायनशास्त्र विभागांत असतेच. प्रस्तुत लेखाचा हेतू या संशोधनाचा गोषवारा देणे हा नाही. हे संशोधन ज्या पुराव्यावर उभे आहे त्या पुराव्याची तपासणी करणे, एवढाच मर्यादित हेतू येथे आहे. तो पुरावा म्हणजे 'प्रवाह वाढला' हे विधान.

बुडबुड्याचे सामर्थ्य

ध्वनीने मळ निघतो तो प्रामुख्याने बुडबुड्यांमुळे. तीव्र ध्वनिलहर पाण्यातून जाताना क्षणभर दाब वाढतो व क्षणभर घटतो. घटता दाब पुरेसा असेल तर पाण्यातील सूक्ष्म वायुकेंद्रे फुगतात आणि दाब पुन्हा वाढताच ती आत कोसळतात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. येथे तिच्यासाठी 'पोकळीभवन' हा शब्द योजला आहे. पृष्ठभागाजवळ कोसळणारा बुडबुडा गोल राहत नाही. त्याची एक बाजू आत घुसते आणि पाण्याची बारीक पिचकारी सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने पृष्ठभागावर आदळते. याशिवाय थरथरणाऱ्या बुडबुड्याभोवती पाण्याचे सूक्ष्म भोवरे निर्माण होतात आणि ध्वनीच्या दिशेने पाण्याचा एक संथ प्रवाहही वाहतो. मळ उखडण्यात या सर्वांचा वाटा असतो.

या घटनेचा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पोकळीभवन विज्ञानाच्या दारी आले ते सफाई कामगार म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवान जहाजांचे पंखे अपेक्षित जोर देईनात आणि त्यांच्या धातूवर खड्डे पडू लागले, तेव्हा त्याचा शोध सुरू झाला. कोसळत्या पोकळीत किती दाब निर्माण होतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. जो बुडबुडा कांस्य धातू कोरून काढतो, तोच आपण बहुवारिकाच्या पातळ कातडीवर सोडीत आहोत. प्रतितर्षणाच्या पटलातील क्षार अडविणारा सक्रिय थर जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रॉन जाडीचा असतो, याचा विसर पडून चालणार नाही.

कंप्रता जितकी कमी तितका बुडबुडा मोठा आणि त्याचा आघात जबर. २० किलोहर्ट्झला बुडबुड्याची अनुनादी त्रिज्या सुमारे ०.१५ मिलिमीटर असते, तर १ मेगाहर्ट्झला ती ३ मायक्रॉनच्या जवळपास येते. म्हणूनच कोबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ मधील निबंधात २८, ४५ व १०० किलोहर्ट्झ यांपैकी २८ किलोहर्ट्झचा ध्वनी पटलशुद्धीस सर्वांत उपयुक्त ठरला, यात आश्चर्य नाही. परंतु धुण्यासाठी जे सर्वांत उपयुक्त, तेच इजा करण्यासही सर्वांत समर्थ, ही या विषयाची मूळ अडचण आहे. बहुतेक निबंधांत तिचा उल्लेख येतो तो शेवटच्या परिच्छेदात, एखाद्या वाक्यापुरता.

प्रवाह कोणाची साक्ष देतो ?

प्रयोगाची नेहमीची रीत अशी असते. कोऱ्या पटलातून शुद्ध पाणी पाठवून प्रवाहदर मोजावयाचा. नंतर प्रथिन, लॅटेक्सचे कण किंवा सांडपाणी वापरून पटल मुद्दाम तुंबवावयाचे व दर पुन्हा मोजावयाचा. मग ठरावीक काळ ध्वनी देऊन तिसरे मापन करावयाचे. मूळ दराच्या किती टक्के दर परत मिळाला, ही संख्या म्हणजे निबंधाचा निष्कर्ष. नव्वद टक्के मिळाले तर पद्धत उत्तम, साठ मिळाले तर बरी.

आता प्रश्न असा की, ही संख्या नेमके काय मोजते ? प्रवाहदर वाढण्याची कारणे किमान तीन आहेत. मळ निघाला, हे एक. पटलाची छिद्रे रुंदावली किंवा नवी पडली, हे दुसरे. पाणी तापले, हे तिसरे. तीनही कारणांनी आलेख वरच जातो. आलेखाकडे पाहून त्यांतील कोणते कारण खरे, हे सांगता येत नाही. यश मोजणारी संख्या आणि हानी मोजणारी संख्या एकच असेल, तर त्या मोजण्याला पुरावा म्हणणे धाडसाचे आहे.

तिसरे कारण किरकोळ वाटेल, पण ते तसे नाही. ध्वनीची जवळजवळ सारी ऊर्जा शेवटी उष्णतेत रूपांतरित होते आणि लहान पात्रातील पाणी काही मिनिटांत जाणवण्याइतके तापते. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते व ३५ अंशाला ती सुमारे ०.७२ वर येते. पटलातील प्रवाह श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे दहा अंशांच्या फरकाने, मळाचा एक कणही न निघता, प्रवाहदर जवळजवळ २४ टक्क्यांनी वाढेल. ज्या निबंधात तापमान स्थिर राखल्याची वा मापन एका तापमानावर आणून दुरुस्त केल्याची नोंद नाही, त्यातील वीस-पंचवीस टक्क्यांच्या सुधारणेला अर्थ उरत नाही. पात्राभोवती बर्फ ठेवला होता, एवढे सांगणेही पुरेसे नाही. पटलाशेजारच्या पाण्याचे तापमान मोजले काय, हे विचारावयास हवे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मासेलिन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये न तुंबलेल्या पटलांवरच ४७ किलोहर्ट्झचा ध्वनी सोडून पाहिला. त्यांना पॉलिइथरसल्फोनच्या पटलावर संपूर्ण पृष्ठभागभर परिणाम आढळला. मोठी छिद्रे आणखी मोठी झाली आणि सच्छिद्रता वाढली. पॉलिॲक्रिलोनायट्राइल व पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड ही पटले तुलनेने टिकली, त्यांची इजा मुख्यतः कडांपाशी राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच होय. त्यात मळच नव्हता, म्हणून प्रवाहात जो बदल दिसला तो पटलाचाच बदल होता. हाच प्रयोग प्रत्येक निबंधात नियंत्रण म्हणून का नसावा ? तुंबलेल्या पटलाशेजारी त्याच जातीचे कोरे पटल त्याच पात्रात तेवढाच वेळ ठेवले आणि त्याचाही प्रवाहदर वाढला, तर तेवढी वाढ 'शुद्धी'तून वजा केली पाहिजे. यासाठी कोणतेही महाग उपकरण लागत नाही.

याला जोडूनच दुसरी अपेक्षा येते. पटलाचे काम पाणी जाऊ देणे हे अर्धेच आहे, उरलेले अर्धे काम नको ते अडविणे हे आहे. दुसऱ्या अर्ध्याचे मापन केल्याशिवाय पहिल्या अर्ध्याचे मापन अपूर्ण राहते. प्रतितर्षणाच्या बाबतीत क्षार किती टक्के अडले हे एका साध्या वाहकता-मापकाने कळते. तरीही अनेक लेखांत सफाईनंतरच्या क्षार-अडवणुकीचा रकाना नसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सुबक छायाचित्रे मात्र असतात. छायाचित्रात पटलाचा एक चौरस मिलिमीटरही येत नाही. भोक शेजारी असेल तर ते दिसणार नाही.

या टीकेला अपवाद आहेत आणि त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. ओहायो राज्य विद्यापीठातील लॅमिनन, वॉकर व वीव्हर्स यांनी २००४ मध्ये सिरॅमिक पटलावर लॅटेक्सचे कण साचवून, कण नेमके कोणत्या यंत्रणेने सुटतात याचा पायरीपायरीने शोध घेतला. 'किती टक्के' यापेक्षा 'कशामुळे' हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. मेलबर्न येथील मुथुकुमारन, केंटिश, अशोककुमार व स्टीव्हन्स यांनी दह्या-चीजच्या निवळीवर काम केले. त्यांनी दावाही बेताचाच केला : गाळताना ध्वनी दिल्यास प्रवाह १.२ ते १.७ पट होतो. या संख्या लहान आहेत म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

प्रयोगपात्र आणि प्रकल्प

प्रयोगशाळेतील पटल तळहाताएवढे सपाट तुकड्याच्या रूपात असते आणि ध्वनिस्रोत त्यापासून काही सेंटिमीटरवर समोर असतो. प्रकल्पातील प्रतितर्षणाचे पटल गुंडाळीच्या रूपात येते. आठ इंच व्यासाच्या व चाळीस इंच लांबीच्या एका नळकांड्यात सुमारे ३७ चौरस मीटर पटल गुंडाळलेले असते. थरांमध्ये प्लास्टिकची जाळी व पाणी वाहून नेणारे कापड असते आणि सर्व गुंडाळी काचतंतूंच्या जाड दाबनळीत बसविलेली असते. बाहेरून दिलेला ध्वनी पहिल्या काही थरांतच शोषला व विखुरला जाणार. शिवाय पोकळीभवन स्रोतापाशीच सुरू झाले की बुडबुड्यांचा ढग पुढील ध्वनीला आडवा येतो. आतील थरांपर्यंत काय पोहोचते, हा प्रश्न सपाट तुकड्यावरील कोणत्याही टक्केवारीने सुटत नाही.

दाबाचा प्रश्नही असाच बाजूला पडलेला आहे. पाण्यात एका चौरस सेंटिमीटरला १ वॅट इतक्या तीव्रतेच्या ध्वनिलहरीचा दाब-आयाम सुमारे १.७ बार भरतो. उघड्या पात्रातील १ बार दाबावर मात करण्यास तो पुरेसा आहे, म्हणून तेथे बुडबुडे सहज होतात. निमखाऱ्या पाण्याचा प्रकल्प १० बारच्या आसपास चालतो असे धरू. तीव्रता दाब-आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, केवळ त्या दाबाची बरोबरी करण्यास एका चौरस सेंटिमीटरला ३३ वॅट लागतील. समुद्राच्या पाण्यासाठी ६० बार धरल्यास हा आकडा बाराशे वॅटच्या वर जातो. तेव्हा 'यंत्र चालू असतानाच सफाई' हे वाक्य प्रतितर्षणाच्या संदर्भात वाचताना सावध राहावे. फेंग, व्हॅन डेव्हेंटर व आल्ड्रिच यांनी २००६ मध्ये २० किलोहर्ट्झच्या ध्वनीने प्रतितर्षण पटलावरील प्रवाह सुधारल्याचे नोंदविले आहे, हे खरे. दाबाखाली तसे घडत असेल तर त्याचे श्रेय बुडबुड्यांपेक्षा कंपनांना व ध्वनिजन्य प्रवाहाला अधिक जावे. म्हणजे उघड्या पात्रात जे घडते त्याहून ती क्रिया वेगळी ठरते आणि उघड्या पात्रातील निष्कर्ष तिला लागू होत नाहीत.

ऊर्जेचा हिशेब मात्र टीकाकारांनीही नीट केलेला दिसत नाही. वरील ३७ चौरस मीटर पटलावर सर्वत्र, चौरस सेंटिमीटरला १ वॅट तीव्रता पोहोचवावयाची असे समजू. ३७० किलोवॅट लागतील. एवढे नळकांडे ताशी दीड घनमीटरच्या आसपास पाणी देते. ध्वनी अखंड चालू ठेवला तर प्रत्येक घनमीटरमागे दोनशेहून अधिक युनिट वीज खर्च होईल. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा एकूण खर्चच तीन-चार युनिट असतो, तेव्हा हा मार्ग बंदच समजावा. पण तीन महिन्यांतून एकदा दहा मिनिटे ध्वनी दिला तर लागतात सुमारे ६२ युनिट, आणि त्या तीन महिन्यांतील पाण्यावर विभागल्यास तो खर्च नगण्य होतो. 'ध्वनीला वीज फार लागते' हा सरसकट आक्षेप म्हणूनच ग्राह्य नाही. अडचण विजेच्या एकूण खर्चाची नसून क्षणिक मागणीची व पोहोचण्याची आहे. एका नळकांड्यासाठी ३७० किलोवॅटचे ध्वनियंत्र कोणी विकत घेणार नाही आणि घेतले तरी ते आतल्या थरापर्यंत ऐकू जाणार नाही.

उपाय कोठे बसतो ?

सिरॅमिक पटले कठीण असतात व उष्णता आणि रसायने सहन करतात. तेथे पोकळीभवनाची भीती कमी आहे, जरी ती शून्य नाही. पाण्यात उघडी टांगलेली पोकळ धाग्यांची पटले कमी दाबावर चालतात. त्यांच्यापर्यंत ध्वनी पोहोचू शकतो. दुग्धव्यवसायात पटल रोज धुवावेच लागते, म्हणून तेथे धुण्याची मिनिटे व रसायन यांत झालेली थोडी बचतही मोलाची ठरते. मेलबर्नच्या गटाला साबणासारखे पृष्ठक्रियाकारक द्रव्य व ध्वनी यांचा एकत्र परिणाम लाभदायक दिसला. ली, सँडरसन व जेकब्स यांनी २००२ मध्ये कागद कारखान्याच्या सांडपाण्याने तुंबलेली नायलॉनची पटले धुताना ध्वनीला पाण्याच्या जोरदार झोताची जोड दिली. सुटलेला मळ वाहून नेला नाही तर तो पुन्हा तेथेच बसतो, हे घरी भांडी घासणाऱ्यास सांगावे लागत नाही. या सर्व प्रयोगांतून ध्वनी रसायनाचा मदतनीस म्हणून दिसतो. 'रसायनविरहित' हे विशेषण त्यांतून निघत नाही. ते प्रस्तावनांतून येते.

महाराष्ट्रातील अभ्यासकांना या संदर्भात दूर जावयास नको. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित, पराग गोगटे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पोकळीभवनावर दीर्घकाळ काम केले आहे. ध्वनीने निर्माण केलेले पोकळीभवन मोठ्या आकारमानावर नेणे अवघड असते आणि अरुंद छिद्रातून पाणी वेगाने ढकलून निर्माण केलेले द्रवगतिक पोकळीभवन ऊर्जेच्या दृष्टीने अनेकदा सरस ठरते, हा त्यांच्या लेखनाचा एक प्रमुख सूर आहे. पटलशुद्धीच्या निबंधांत या कामाची दखल क्वचितच घेतलेली आढळते. दोन शेजारची क्षेत्रे एकमेकांचे वाचत नाहीत, हे आपल्या विद्यापीठीय जगाचे जुने दुखणे आहे.

ध्वनीचा आणखी एक, काहीसा नम्र उपयोग येथे नोंदवावासा वाटतो. कोलोरॅडो विद्यापीठातील अभ्यासकांनी १९९९ मध्ये मेगाहर्ट्झ कंप्रतेची क्षीण ध्वनिस्पंदने पटलावर पाठवून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून क्षारांचा थर साचत असल्याचे टिपले. प्रवाहदर घसरण्याची वाट न पाहता थर वेळीच कळला, तर सौम्य धुलाईने काम भागते. या कामी ध्वनीला मळ उखडावयाचा नसतो, फक्त ऐकावयाचे असते. त्यामुळे पटलाला इजा होण्याचे कारणच राहत नाही. धुण्याच्या तुलनेत ऐकण्यावर लिहिले गेले ते फार थोडे.

आपल्या प्रयोगशाळांविषयी

महाविद्यालयीन पातळीवर या विषयाचे प्रकल्प थांबवावेत असे येथे सुचवावयाचे नाही. उलट, ज्या गोष्टी मोठ्या प्रयोगशाळांनी वगळल्या त्या साध्या साधनांनी करता येण्याजोग्या आहेत. धुलाई-पात्राच्या पाटीवरील वॅट म्हणजे विजेचे वॅट. पाण्यात किती वॅट उतरतात हे तापमानवाढीवरून उष्णतामापनाने काढता येते आणि ते बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमावे. ४० किलोहर्ट्झला पाण्यातील ध्वनीची तरंगलांबी सुमारे पावणेचार सेंटिमीटर असते. त्यामुळे पात्रात स्थिर तरंगांचे पट्टे पडतात आणि पटलाचा तुकडा दोन सेंटिमीटर सरकला तरी निकाल बदलू शकतो. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची पातळ पन्नी पात्रात अर्धा-एक मिनिट उभी धरली, की कोठे भोके पडली यावरून आघाताचा नकाशा मिळतो. तो निबंधात छापावा. ज्या पाण्याने पटल तुंबवावयाचे ते बाटलीतील शुद्ध प्रथिनाचे द्रावण नसून गावच्या कूपनलिकेचे असावे, म्हणजे कॅल्शियम, सिलिका व जिवाणू एकत्र येतील. आणि पात्रात दोन तुकडे ठेवावेत, एक तुंबलेला व एक कोरा. दोहोंचा प्रवाहदर एकाच तापमानावर मोजावा, दोहोंची क्षार-अडवणूक मोजावी, आणि कोऱ्या तुकड्याचा रकाना तुंबलेल्या तुकड्याच्या रकान्याच्या आधी छापावा.